उद्यमनगरात जोडलेली गाडी

इंजिन भंगारातल्या बुलेटचं,
चाकं पॉवर टिलरची,
चासी मी स्वतः बांधली, दीड इंची पाइपची.
तीन रात्री वेल्डिंग, डोळ्यांत वाळू.
बाहेरच्या देशात हिला क्वाड बाईक म्हणतात.
हिंदुरावनं मोबाईलवर दाखवली होती,
"मिस्त्री, हुईल का?"
उद्यमनगरात हे कोण विचारत नाही.
कधी देणार, एवढंच विचारतात.

शनिवारी दुपारी टेम्पोत चढवली.
हिंदुराव, दस्तगीर, मी आणि बाबगोंडा.
बाबगोंडा म्हणाला, मी शिकारीला नाही, हवेला येतोय,
आणि आईनं दिलेला दशम्यांचा डबा मांडीवर धरून बसला.
दस्तगीरच्या आज्याची ठासणीची बंदूक
वाकळेत गुंडाळलेली, दवाखान्यात नेल्यासारखी.
चेकनाक्यावर कोणी काही विचारलं नाही.
आम्हीच जरा जास्त मोठ्यानं हसलो.

गारगोटी मागं पडली, मग ऊस मागं पडला,
मग मोबाईलची रेंज.
पाटगावच्या वर सडा लागला:
काळा कातळ, गुडघाभर वाळलं गवत,
करवंदीच्या जाळ्या,
आणि पुढं जमीनच संपलेली.

धुळू कोकरे वाट दाखवायला आला.
गाडीभोवती एक चक्कर मारली,
बाजारात म्हशीभोवती मारतात तशी.
"दूध किती देती?"

रात्रभर हिंडलो.
सायलेन्सर मीच कापलेला,
आवाज झाला पाहिजे, ही हिंदुरावची फर्माईश.
मग काय.
डुक्कर राहू दे, रातकिडेसुद्धा गप्प झाले.
एका वळणावर गव्यांचं शेण, अजून वाफाळतं.
गवे पलीकडच्या डोंगरावर उभे राहून
आमचं इंजिन ऐकत असतील.
धुळू मागं बसून हात करायचा, तिकडं.
थोड्या वेळानं, न्हाई, तिकडं.
तोच वाकडा अंजनीचा बुंधा तिसऱ्यांदा दिसला
तेव्हा मला कळलं,
गडी आम्हाला त्याच्या वाड्याभोवतीच फिरवतोय.
मी कुणाला सांगितलं नाही.

चार वाजता पेट्रोल तळाला.
उतार होता म्हणून इंजिन बंद केलं,
गाडी आपसूक खाली, नुसती लाईट चालू.
आणि तेवढ्या शांततेत
ससा.

लाईट जुन्या ट्रकची.
कानांच्या आतल्या शिरा दिसत होत्या, लाल.
पळाला नाही.
अंधार एका उडीवर होता,
पण उजेडात बसलेल्याला कड दिसत नाही.

ठासणीला वेळ लागतो.
दारू, चिंधी, गज.
छर्रे, चिंधी, परत गज.
दस्तगीरचे हात थंडीनं कापत होते,
एकदा गज खाली पडला, कातळावर वाजला.
तरी ससा तिथंच.
त्या सगळ्या वेळात
स्विच माझ्या अंगठ्याखाली होता.
मीच बसवलेला. लोण्यासारखा चालतो,
नखानं दाबला तरी बंद होतो.
बाबगोंडा दुसरीकडं तोंड करून उभा.
धुळू माझ्या हाताकडं बघत होता,
बंदुकीकडं नाही.

नऊ लिटर पेट्रोल, एक ससा.
सोलल्यावर मांजराएवढा.
चुलीवर रस्सा झाला, छर्रे दातांखाली आले.
मी दोन दशम्या खाल्ल्या, पित्त झालंय म्हणालो.
धुळूनं त्याचा वाटा कुत्र्याला घातला.

सोमवारी तालमीत सशाचं डुक्कर झालं.
गुरुवारपर्यंत त्याला सुळे आले.

आता कागलचा एक पाहुणा रोज फोन करतो,
तसलीच एक पाहिजे, पैसे लागतील तेवढे घ्या.
म्हटलं देतो की. चासी देतो, इंजिन देतो,
चढावर दमणार नाही अशी करून देतो.
आणि लाईट?
म्हटलं, लाईट तुझी तू बसव.
तो हसला. मिस्त्री, एवढ्याशा वायरिंगला काय झालं?

मी फोन खांद्यात धरून
अंगठ्याचं ग्रीस पुसत होतो,
बराच वेळ.